कुसुमच्या नावची सवाष्ण

कार्तिक व. १
सकाळी विरजण मागायला रावसाहेबांकडे गेले. (ह्यांचे कचेरीतले वरिष्ठ.) त्यांची सून कुसुम सोवळ्याचं पाणी काढताना परसातल्या विहिरीत पडली. हाका मारत होती. लाकडं फोडायला आलेला धोंडी महार दोर घेऊन धावला. "म्या उतरतो, मालक. पवता येतंय मला." रावसाहेब आडवे आले. "थांब. पिण्याचं पाणी आहे. गोपाळला बोलवायला गेलेत." काकू, कुसुमच्या सासूबाई, देवघराच्या दारातून, "विहीर बाटवू नका रे."
गोपाळ (त्यांचा ब्राह्मण पाणक्या) बाजारातून येईतो हाका थांबल्या होत्या. मी वाटी धरून उभी. पुढं लिहवत नाही.

व. ४
अन्न उतरत नाही. आळीतल्या बायका म्हणतात, अहेव गेली, नवऱ्याच्या आधी, सोनं झालं. सोन्याच्या तोंडातनं शेवाळाचं पाणी येत होतं, ते त्यांनी नाही पाहिलं.

व. ६
मासिकात गोष्ट वाचली. नायिका डोळ्यांदेखत मरण पाहते, शांत होते, देवाकडे वळते. मी देवाकडेच होते. आता मी पूजेतली घंटा वाजवत नाही. लेखकानं विहीर पाहिली नसावी.

व. ११
भटजींनी विहिरीत पंचगव्य सोडलं. पाणी शुद्ध.
म्हणजे धोंडी उतरला असता तरी एवढंच करावं लागलं असतं. वाटीभर.
माझा नैवेद्याचा भात आज तुपासकट गाईला. तूप मी कधी असं घालवत नाही.

व. १२
काकू स्वतः आल्या. "उद्या तेराव्याला कुसुमच्या नावची सवाष्ण तूच. तुझ्याइतकं कडक सोवळं आहे कुणाचं?" अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ह्यांना म्हटलं, मी जात नाही. हे म्हणाले, "चार घास खाऊन ये. माझी नोकरी कायम व्हायची आहे, त्यांची सही लागते."

व. १३
गेले. पाटाभोवती रांगोळी. काकूंनी पाय धुतले, ओटी भरली, मऊ सुरात म्हणाल्या, "पोटभर जेव गं. तिला पोचतं." पंक्तीत रावसाहेब आग्रह करकरून पुरणपोळी वाढायला लावत होते. फुलपात्रात त्याच विहिरीचं पाणी.
तोंडातून गेलं, "धोंडीला बोलावलंय का जेवायला?"
रावसाहेब म्हणाले, "भलत्या वेळी भलतं नको."
मी पानावरून उठले. घास न घेता. मागून काकू, "बस गं, बस. ती उपाशी फिरेल."


व. १४
काकूंनी लुगडं आणि झाकलेलं ताट घरी पाठवलं. घरी जेवली तरी चालेल, असा निरोप. ताट ओसरीवर पडून आहे, पुरणाला आंबूस वास सुटलाय. हे कचेरीत जाताना ओलांडून गेले. जाता जाता म्हणाले, "आत घे ते."
काकूंचं बाकी सगळं किळसवाणं वाटतं. 'ती उपाशी फिरेल' हे एक वाक्य मात्र मला खरं वाटतं, लहानपणापासून खरंच वाटत आलंय. कुसुम भुकेली असेल का.
दोनदा ताटापाशी जाऊन आले. हात लागत नाही.