मैनाबाईने पाहून संपवलेला उजेड

मी, माणिकबाई पंजाबराव फुटाणे, वय शहात्तर, धंदा शेती, राहणार शेंदूरजनाघाट, लिहून देते की माझं डोकं जाग्यावर आहे आणि हे कोणी धाकानं लिहून घेतलेलं नाही. मले धाक दाखवणारा कधीचाच वारला. लिहिणारे पुंजारामजी माझी भाषा सुधरवू पाहतात. त्यांनी फक्त सातबाऱ्याचा गट नंबर तपासावा.

१. राहतं घर मुलगा किशोर यास. छत गळते. माझ्या हयातीत त्याले ते दिसलं नाही, आता दिसेल.

२. पाटल्या सून चंदा हिस. माझ्या हातात असतानाच तिनं मनातल्या मनात त्या दोनदा मोडल्या आहेत.

३. संत्र्याची बाग किशोरची मुलगी, माझी नात दामिनी हिस, पण अटीवर. दामिनी अमरावतीले माझी धाकटी जाऊ मैनाबाई हिच्या घरी राहून कॉलेज शिकते. तिनं माझ्या बागेतल्या मुळीचा पातळ काप रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. निळा उजेड टाकला की तो रंग त्याले पितो आणि हिरवा करून परत देतो. मधली काच निळा अडवते, हिरवाच डोळ्यात येतो, असं ती सांगते. आम्ही दोघी पाहायला गेलो. पहिला मान मैनाबाईले! मुळी माझी, नात माझी, डोळा तिचा. "अवं माय, काजवेच काजवे!" करत बाई उठेचना. माझी पाळी आली तं नुसता अंधार.

"आजी, लय वेळ उजेड पडला की तो रंग मरते," दामिनी म्हणाली. उन्हात लुगडं विटते तसं. नवा काप होईपर्यंत माझी एसटी सुटत होती.

तरी माझ्या हयातीत दामिनीनं नवा काप करावा, पहिला डोळा माझा लागावा, मैनाबाईनं दाराबाहेर बसावं. न झाल्यास बाग किशोरले जाईल. तो ती विकेल, हे दामिनीले ठाऊक आहे.

४. हे वाचून दाखवल्यावर मैनाबाई म्हणाली, "बसतो न मी बाहेर, जाऊबाई. पोट भरून पाहा तुमी." दामिनीनं माझ्या देखत तिचा हात धरला. या चांगुलपणाचा मले जास्तच राग आला. वकील म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. पुढं मी मऊ पडली तरी तिले काही देता येऊ नये, म्हणून साक्षीदार तिलेच केलं आहे.

ठिकाण: शेंदूरजनाघाट
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

सही: माणिकबाई (स्वतःच्या हातची)

साक्षीदार:
१. गोपाल बेलसरे, शेजारी
२. मैनाबाई नत्थुजी फुटाणे, जाऊ. सही करताना हसली, हेही पुंजारामजींनी लिहावं.