चिरक्या आवाजाची बाई

ता. ३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर बोलले तर ह्यांच्या कानावर जायचं, आणि विषय ह्यांच्या कानांचाच आहे. तुझ्या दुकानातून तुझ्या भावोजींनी हेडफोन नेला, मग तो बदलून दुसरा, आता तिसरा. छापखान्यातून आले की हातावरची शाई धुतात आणि मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसतात. हाक मारली तर ओ देत नाहीत.

परवा चहा द्यायला गेले तर हेडफोनमधून बाईचा आवाज येत होता. शब्द कळले नाहीत, पण आवाज काय सांगू! चिरका, सतत हुकूम सोडणारा. मला बघताच ह्यांनी घाईघाईने बंद केलं. उभ्या जन्मात कधी गाणं न ऐकलेला हा माणूस! जेवतानाही माझ्या उजव्या हाताची नेहमीची जागा सोडून डावीकडे बसायला लागलेत. विचारलं तर म्हणे, तिकडे वारा लागतो.

आता ह्यांना कानात खुपसायचे ते इन-इअर हवेत. त्यातून आवाज बाहेर येतो का, तेवढं आधी सांग. माझ्या जिवाला घोर लागलाय रे.

तुझी
ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, मग आलं नाही. पाठीला जाळी असलेला मोठा हेडफोन मोकळा वाजतो. आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो, पण जाळीतून बाहेरही गळतो. इन-इअर तेवढ्याच पैशात बारीकसारीक जास्त ऐकवतात, बाहेरचा गोंगाट अडवतात आणि काही बाहेर जाऊ देत नाहीत. फक्त रबरी टोपी कानात घट्ट बसायला हवी, नाहीतर पैसे पाण्यात.

मला भावोजींचा वेगळाच संशय येत होता. दर वेळी एकच तक्रार, डावी बाजू मंद वाजते. परत आलेले मी घालून पाहिले, दोन्ही बाजू ठणठणीत. म्हटलं, फुकटात नवनवे वापरायची युक्ती दिसते. पण गेल्या खेपेला त्यांनी हळूच विचारलं, बाईमाणसाचा आवाज कशात जास्त खरा वाटतो? तेव्हा मीही गार पडलो.

दोन्ही प्रकार पाठवतोय, घरी पारखून बघा म्हणून. ते खोलीत नसताना जाळीवाला तू कानाला लाव. भांडण मात्र मला विचारल्याशिवाय काढू नकोस.

तुझ्या रागातही माझा वाटा राहू दे.
धाकटा

ता. १७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला न विचारताच भांडले. हे आंघोळीला गेल्यावर जाळीवाला कानाला लावला आणि ह्यांच्या मोबाईलवर सुरू केलं. आधी कर्रकर्र झालं. ते आमच्या फडताळाचं दार! मग ती बाई बोलायला लागली. छत्री घेतलीत का, डबा विसरलात, मी बोलतेय ते ऐकताय ना? क्षणभर वाटलं, ही बया माझ्या स्वयंपाकघरात शिरली कधी? आणि मग ओळखलं. ती मीच होते. माझा आवाज असा आहे हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?

हे बाहेर आले, मला हेडफोन लावलेली बघून सगळं बोलले. छापखान्यातलं मशीन कायम ह्यांच्या डाव्या अंगाला. तो कान जवळजवळ गेलाय, आणि उजवाही त्याच वाटेवर आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. मला घोर नको म्हणून लपवलं. उजवा चालतोय तोवर मनभर ऐकून घ्यावी म्हणून माझी बडबड गुपचूप मोबाईलवर घेतली, आणि हे हेडफोन कशात ती नीट ऐकू येते ते बघायला. मी खूप रडले, आणि लपवल्याबद्दल बोलायचं तेवढं बोलूनही घेतलं.

इन-इअर परत पाठवतेय. त्यात शब्द जास्त स्वच्छ येतात, हे ह्यांनी कबूल केलं. पण त्यात मी डोक्यात बसून बोलते म्हणे, आणि जाळीवाल्यात स्वयंपाकघरातून हाक मारते. म्हणून तोच ठेवलाय. गळला तर गळू दे, ऐकायला घरात मीच आहे.

आता जेवताना मी आपणहून ह्यांच्या उजवीकडे बसते. यापुढे पत्र नको, फोनच कर. हे उचलतील, तेव्हा जरा मोठ्याने बोल.

तुझी, चिरक्या आवाजाची
ताई