वटवाघळाचा हात

१२ जून

ती. मावशीस, कृ. सा. न.

तुझ्या भावाच्या प्रयोगशाळेत मी ठीक आहे, उंदीर आणि वटवाघळंही ठीक आहेत. फक्त तुझ्या भावाचं डोकं ठिकाणावर नाही. गर्भात हातपाय फुटताना कोणतं जनुक कधी चालू होतं, ते आम्ही या दोघांत ताडून पाहतो. मामाचा गाजलेला शोध असा, की उंदराचा पंजा आणि वटवाघळाचा पंख पहिल्या कोंबापासूनच वेगळ्या वाटेनं जातात. का? तर त्यानं दोघांचे गर्भ एकाच दिवसाचे घेतले! वटवाघूळ सावकाश वाढतं. उंदराला बोटं फुटत होती, तेव्हा याचा नुसता कोंब होता. पहिलीतलं पोर आणि पदवीधर शेजारी उभे करून उंची मोजावी, तसं.

मी दिवस सोडून वाढीची पायरी जुळवली. कोंबाशी कोंब ठेवला तर फरक जवळजवळ नाहीच. तो पुढे, बोटं लांबताना येतो. पण हे प्रबंधात लिहिलं तर मामा सही करेल का? सहीशिवाय माझी सगळी वर्षं पाण्यात. भीती वाटते गं.

लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझी बारकी

२० जून

चि. बारकीस, अ. उ. आ.

रडूबाई, बिनधास्त खरं लिही. तुझा मामा शाळेत पुस्तकाचं पहिलं पान वाचून पुढची गोष्ट वर्गभर सांगत सुटायचा. प्रस्तावनेत त्याची भरपूर स्तुती घाल. आत काय आहे ते त्याच्या बापालाही कळणार नाही. बाप माझाही होता, म्हणून खात्रीनं सांगते.

जेवत जा, आणि मावशीवर विश्वास ठेव.

मावशी

५ ऑगस्ट

ती. मावशीस, कृ. सा. न.

सही झाली! मामानं प्रबंध आठवडाभर घरी ठेवला, बहुतेक उशाखाली, आणि आज माझ्या टेबलावर ठेवून गेला. तू थोर आहेस.

बारकी

९ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

मामानं न वाचता सही केली म्हणून तुम्ही दोघी मनसोक्त हसला असाल. ताई, मी पान न पान वाचलंय. दोन दिवस जेवण गेलं नाही. चूक माझीच. एका चित्राखाली तिनं उंदराच्या जागी वटवाघूळ लिहिलं होतं, तेवढं गुपचूप बदललं. प्रस्तावनेतली स्तुती तुझ्या सांगण्यावरून आहे, हे ओळखलं; पोरगी इतकं खोटं आपणहून लिहीत नाही.

तिला यातलं काही सांगू नकोस. कळलं तर तोंडी परीक्षेत माझ्याकडे बघून ती नरमेल, आणि तिनं नरमलेलं मला चालणार नाही. तू मात्र त्या दिवशी ये. ती सगळ्यांसमोर मला खोटं पाडत असताना माझ्या शेजारी घरचं कुणीतरी असावं.

थोडा लोभ उरला असेल, तर राहू दे.

तुझा धाकटा