समुद्रापासून दोन देश लांब

१ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण मोठा निर्णय झाला आहे. मे महिन्यात परदेश दौरा. माणसानं आयुष्यात एकदा तरी निव्वळ मजेसाठी घराबाहेर पडावं, असं माझं फार जुनं मत आहे. शहापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवून बावीस वर्षं झाली. निम्म्या तालुक्याचे पासपोर्टचे फॉर्म या हातांनी भरले. स्वतःचा राहिला. आता भरणार.

काल संध्याकाळी मुरबाडहून थोरल्या भावाचा, कोंडूदादाचा, फोन होता. गोठ्यात घसरून त्याचा पाय मोडलाय, प्लास्टर आहे. म्हणाला, कमळ्या, या वर्षाला आईला पाण्यावर तूच ने. मे महिन्यात.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. दौऱ्याचं डोक्यात आधीपासून होतं. योगायोग.

४ मार्च
देश निवडणे. कुणालीचा, म्हणजे लेकीचा, आग्रह व्हिएतनामचा. तिनं ठाण्याहून फोटो पाठवले. होड्या, खाडी, भातशेती. नम्रता म्हणाली, भात बघायला विमान कशाला, खर्डीला उतरलं की झालं. बायकोचा मुद्दा बरोबर होता, पण मला खटकलं ते वेगळं. त्या देशात पाणी फार.

नकाशा घेऊन दोन तास बसलो. उझबेकिस्तान सापडला. त्याला समुद्र नाही, आणि त्याच्या शेजारच्या एकाही देशाला समुद्र नाही. म्हणजे समुद्रापासून दोन देश लांब. वाळवंट, निळे घुमट, खरबुजं. नम्रतानं विचारलं, अहो, इथलं ऊन कमी पडतं का तुम्हाला? तिला प्रवासाची दृष्टी नाही.

दादाला कळवलं. मे महिन्यात मी फॉरेनला आहे. तो म्हणाला, बरं.

९ मार्च, दुपारी २.३०
जेवून आडवा झालो होतो. ओटीवर आवाज. लहान पोराच्या पायातल्या वाळ्यांचा. तीन पावलं, थांबणं, परत दोन. उठून पाहिलं. कोणी नाही. शेजारच्यांची शेळी असणार, तिच्या गळ्यात घुंगरू आहे.

११ मार्च
शेजाऱ्यांनी शेळी दिवाळीतच विकली म्हणे. मग फ्रिज.

१६ मार्च
लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. 'पाण्यावर नेणे' म्हणजे काय ते.

आमचं गाव आंबखोरे. धरणात गेलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात. आई दर वर्षी तिथं जाते, कारण बुधी तिथं आहे. बुधी माझी धाकटी बहीण. गाव उठायच्या आदल्या पावसाळ्यात तापानं गेली, अडीच वर्षांची. एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत. घरामागच्या उंबराखाली पुरली. गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं नेली, वासे नेले, दारं नेली, देव नेले. बुधी राहिली.

मी सेहेचाळीस वर्षांत एकदाही गेलो नाही. मे म्हणजे दाखल्यांचा सीझन. दुकान बंद ठेवता येत नाही.

(यंदा दौऱ्यासाठी बंद ठेवणार आहे. ते वेगळं.)

२५ मार्च
पासपोर्टचा फॉर्म भरला. अकरा मिनिटांत. माझा रेकॉर्ड. जन्मस्थानाच्या रकान्यात 'शहापूर' टाकलं. सुटसुटीत.

२ एप्रिल
तयारी जोरात. रोज पहाटे चार किलोमीटर चालायचा संकल्प. आज नाक्यापर्यंत गेलो, वडापाव खाऊन रिक्षानं परत. उझबेकी भाषेचा अभ्यास सुरू. 'रहमत' म्हणजे धन्यवाद. एक शब्द झाला.

आईला सांगितलं. ब्याऐंशीची आहे, कान शाबूत, डोळे शाबूत. तिनं विचारलं, कुटं चाललास? उझबेकिस्तान. तिला ते म्हणता येईना. विचारलं, तिकडं आपलं कोन हाय? म्हटलं, कोणी नाही, मजा करायला जायचं. ती म्हणाली, मे म्हयन्यातच?

म्हटलं, विमानं तेव्हाच असतात.

८ एप्रिल
पासपोर्टची अपॉइंटमेंट. काउंटरवर तरुण मुलगी होती, फार नम्र. म्हणाली, काका, शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थान आंबखोरे आहे, तुम्ही फॉर्ममध्ये शहापूर लिहिलंय. मी समजावलं की ते गाव आता अस्तित्वात नाही. पाण्याखाली आहे. जे नाहीच ते लिहायचं कसं? ती म्हणाली, गाव नसलं तरी तुमचा जन्म तिथंच झालाय ना काका?

रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते.

दुरुस्ती करून १७ तारखेला परत यायला सांगितलं. किरकोळ बाब. घरी 'प्रोसेसमध्ये आहे' असं सांगितलं, आणि ते खोटं नाही.

१७ एप्रिल
गेलो नाही. दुकानातला प्रिंटर ऐन वेळी अडला. शिवाय ऊन. दुरुस्तीचं पान उघडलं होतं. 'आं' टाइप केलं, पुसलं. परत केलं, पुसलं. मग गिऱ्हाईक आलं.

संध्याकाळी चालण्याचे बूट घेतले. भारी आहेत.

१९ एप्रिल
आज वाळे दुकानात. भर बाराला, काउंटरच्या खाली. समोर माणूस उत्पन्नाचा दाखला काढायला उभा होता, त्याला विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतंय का? तो म्हणाला, पंखा वाजतोय.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बराच मळ काढला. म्हणाले, कान तिशीतल्या माणसासारखा आहे.

आता आवाज जास्त स्पष्ट येतो.

२४ एप्रिल
आई तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावते आणि बुधीशी बोलते. रोजचंच आहे. आज मी ओटीवर बूट पायांत घालून बघत होतो. ती तुळशीला सांगत होती, बुधे, तुजा दादा फिरायला चाललाय गो. लांब चाललाय. तू त्याच्या मागं नको लागूस.

बूट काढून आत गेलो. जेवलो नाही. पोट बिघडलंय, कैरीचं झालं असणार.

२५ एप्रिल
तेही लिहून टाकतो. इथं कोण वाचणार आहे?

गाव सोडायच्या दिवशी सामानाची लारी रस्त्याला उभी होती. आईनं मला पितळी डबा दिला. म्हणाली, बाला, उंबराखाली जा, बुधीची मूठभर माती घेऊन ये, ती संगती नेऊ. तिचे पाय उचलत नव्हते म्हणून मला धाडलं. मी निघालो. घराची कौलं उतरवलेली, आत ऊन पडलेलं, उंबरावर एक कावळा. अर्ध्या वाटेत वाळे वाजल्यासारखे वाटले. पळालो. लारीच्या चाकाजवळची माती डब्यात भरली आणि आईला दिली.

ती माती आईनं नव्या गावात तुळशीत घातली. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिथली उकरून इथं आणली. मीच स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवून आणली. रोज तिच्यासमोर दिवा.

मुळात माती ती माती. एकाच शिवारातली. शास्त्रीयदृष्ट्या फरक नाही.

३० एप्रिल
नम्रता आणि कुणालीचा व्हिसा आला. माझा विचारला. मी 'सर्व्हर डाऊन' म्हणालो. नम्रतानं माझा फोन घेतला आणि चुकलेल्या अपॉइंटमेंटचा मेसेज वाचला. ती चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिनं फक्त विचारलं, तुम्हाला जायचंच नव्हतं, का आईंना न्यायचं नव्हतं?

दुपारी कुणालीचा फोन. बाबा, आम्ही दोघी जातोय. मी म्हटलं, जरूर जा, मी पुढची बॅच पकडतो. अशी काही बॅच नाही.

१० मे
दोघींना स्टेशनवर सोडलं. नम्रतानं जाताना आईच्या पाया पडून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. माझ्याकडे बघून म्हणाली, पंख्याखाली फार झोपू नका.

घरात मी आणि आई. दिवसभर तिनं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

१२ मे, दुपारी ३
उझबेकिस्तानातून फोटो आला. निळा घुमट, त्यापुढे नम्रता, डोक्याला स्कार्फ. छान दिसते. आईला दाखवला. तिनं मान हलवली, फोन परत दिला आणि चणे-कुरमुरे फडक्यात बांधू लागली. विचारलं, कशाला? म्हणाली, उद्या एसटीनं जाईन. पुढं चालत.

ब्याऐंशी वर्षांची बाई. बेचाळीस डिग्री. म्हटलं, नेतो.

१३ मे, संध्याकाळी ७
गेलो. रिक्षा केली. आईनं सोबत भाकरी, सुकटीची चटणी आणि छत्री घेतली होती. मी नवे बूट घातले, चिखल असेल म्हणून.

काठावर उतरलो. खाली भेगाळलेला गाळ, त्यात जोत्यांच्या रांगा. एवढंसं गाव होतं. मला मोठं आठवत होतं. कोणाचं जातं पालथं पडलेलं. उंबर नाही, नुसता काळा बुंधा.

आई करंजाच्या सावलीत बसली. फडक्यातून रिकामी डबी काढली आणि म्हणाली, बाला, तुळशीतली माती जुनी झाली. जरा नवी घेऊन ये. जागा तुला ठावं हाय.

डबी घेऊन निघालो. दहा-बारा पावलं गेलो. बूट रुतत होते, म्हणून परत आलो.

म्हटलं, आई, ती माती बुधीची नाही.

तिनं विचारलं, कंची?

तुळशीतली. मी उंबरापर्यंत गेलोच नव्हतो. लारीच्या चाकाजवळची भरली होती.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बुटांकडे. मग तिनं विचारलं, भ्यायलास?

म्हटलं, होय.

म्हणाली, कमळ्या, आरं मी सेहेचाळीस वरसं लारीच्या चाकाला दिवा लावला.

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तोंडाला पदर लावून बसली. मी तिथंच उन्हात उभा. खरं सांगितलं की माणूस हलकं होतं असं ऐकलं होतं. तसं काही झालं नाही.

पदर खाली करून ती म्हणाली, एवढंसं पोर मी एकलं धाडायला नको होतं. तवा माझेच पाय उचलत नव्हते. आता चल. मी येते संगती.

तिला पाठकुळी घेतलं. वजन काहीच नाही. गाळातून जाताना ती मागून सांगत होती, हे बारकूचं घर, हा पाणवठा, ही आपली पायरी. पायरीवर तिला उतरवलं. तिथून तिनं पावलं मोजली, छत्री टेकत, तोंडानं आकडे म्हणत. अकरा. बुंध्याच्या डाव्या अंगाला थांबली आणि म्हणाली, हितं.

मी बुंध्याच्या उजव्या अंगाला बघत होतो. म्हणजे त्या दिवशी धीर करून गेलो असतो, तरी चुकीचीच माती आणली असती.

ती बसली, जमिनीवर हात फिरवला. चणे-कुरमुरे पसरले. मला बस म्हणाली. बसलो. भाकरी खाल्ली. मग ती तिथंच कुशीवर आडवी झाली आणि झोपली. सावली कुठंच नव्हती. छत्री उघडून तिच्या तोंडावर धरली. बसून धरली की ऊन तिच्या पायांवर येत होतं, म्हणून उभा राहिलो. हात बदलत राहिलो. रिक्षावाल्यानं काठावरून दोनदा हॉर्न दिला.

जाग आल्यावर तिनं विचारलं, किती वाजलं रं?

म्हटलं, साडेचार.

म्हणाली, आजून जरा बसू.