एकशेवीस-ऐंशी

सोमवार, ४ सप्टेंबर

नर्सिंग स्कूलचा पहिला दिवस. वर्गातल्या मुली एकोणीस वर्षांच्या, मी एक्कावन्न. फरक अजिबात जाणवत नाही. गेटवरच्या वॉचमनने मात्र विचारलं, मुलीला सोडायला आलात का? नवीन असेल.

कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर उभं आयुष्य गेलं. बोर्ड काढला, मशीन बसवलं, मला फुलांचा गुच्छ दिला. सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम मला जमत नाही. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा एक नर्स येता-जाता तिच्या कपाळावर हात ठेवायची. आईचा चेहरा लगेच निवायचा. मनात म्हटलं होतं, आपण हे करायला हवं होतं. आता करतेच आहे.

नोव्हेंबरअखेर पहिली प्रॅक्टिकल. पास झालं तर नर्सची टोपी, नाही तर घर. मी पहिली येणार. कॉन्व्हेंटमध्ये नीटनेटकेपणाचा बिल्ला दरवर्षी माझ्याच छातीवर असायचा.

हे म्हणाले, अगं, झेपेल का तुला? काळजी करतात बिचारे.

बुधवार, ६ सप्टेंबर

आमच्या ट्यूटर सिस्टरचं नाव मी टाचणी ठेवलंय. वय माझ्या लेकीएवढं, अंगावर मांस नाही, बोलणं टोचरं.

पुस्तकांची छपाई भलतीच बारीक. कागद वाचवत असतील. आमच्या शाळेच्या पुस्तकांत अक्षरं कशी टपोरी असायची! लांब व्हरांड्यात, मेणाच्या पॉलिशच्या वासात बसून वाचायचो. मदर म्हणायच्या, चाइल्ड, युअर आइज आर लॅम्प्स. ते कसं विसरेन?

पुस्तक हात लांब करून धरते. पाठ ताठ राहते. पुढच्या बाकावर एक मुलगी आहे, केस उंच बांधते, मान हलवली की शेपटी उडते. ती म्हणाली, मावशी, पुस्तक माझ्या डोक्याला लागतंय हो.

लेकीचा फोन. आई, चाळिशी लावून घे आता. विषय बदलला.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज बीपी मोजायला शिकवलं. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबत हवा भरायची. स्टेथोस्कोपमधले ठोके बंद पडले की हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येईल तेव्हा काटा जिथे असेल तो वरचा आकडा. ठोके पुन्हा नाहीसे होतील तो खालचा. एकशेवीस-ऐंशी म्हणजे उत्तम.

म्हणजे कानांचं काम! बोर्डवर नुसत्या हॅलोवरून मी माणसाचा मूड ओळखायचे.

तबकडीवरचे आकडे मात्र मुंग्यांएवढे. कोण बनवतं ही यंत्रं? माझं काही अडत नाही. ठोक्यांवरून अंदाज येतो.

घरी सरावाला एक यंत्र आणलं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

यांच्यावर रोज सराव चालू आहे. एक विलक्षण गोष्ट. यांचे ठोके बंदच पडत नाहीत! मी हवा भरते, भरते, तरी ठणठण चालू. काय ते दणकट हृदय! आणखी भरलं तर हे कळवळतात, म्हणून तिथेच थांबते. टाचणीला सांगायला हवं, पुस्तकातले नियम सगळ्यांना लागू नसतात.

रोजचा आकडा: एकशेवीस-ऐंशी. हे जाम खूश. म्हणाले, आता तूच माझी डॉक्टर.

सोमवार, १६ ऑक्टोबर

वॉर्डात पहिलं काम. कॉटवरच्या पेशंटचं अंग ओल्या टॉवेलने पुसून द्यायचं. फार सुंदर पुसलं. हात, पाय, पाठ, बोटांच्या बेचक्याही. तोंडाने छान गप्पा. गृहस्थ दोन-तीनदा काही बोलायला गेले, म्हटलं, तुम्ही बोलून दमू नका.

मग पेशंट बाथरूममधून परत आला. मी पुसलेले गृहस्थ त्याचे साडू होते. भेटायला आले होते, जरा आडवे झाले होते.

कॉटचा नंबर कोपऱ्यात इतका बारीक लिहितात की कुणाचीही चूक होईल. टाचणी तिच्या पद्धतीने बोलली. साडू मात्र म्हणाले, बरं वाटलं. ते कुणीच लिहून घेतलं नाही.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

पाय सुजले. पहाटे उठणं, वॉर्ड, लेक्चर, घरी येऊन स्वयंपाक. बसमध्ये उभ्याने झोपले. उतरायचं राहिलं.

ठराव: लवकर झोपणे. चिडचिड न करणे. शेपटीकडे नोट्स न मागणे. (हल्ली ती स्वतःहून मोठ्या अक्षरांत लिहून देते. अक्षर सुधारतंय पोरीचं.)

यांची बीपीची गोळी संपली. विचार केला, रोज एकशेवीस-ऐंशी असणाऱ्या माणसाला गोळी कशाला? म्हटलं, बंद करा. हे म्हणाले, एकदा डॉक्टरांना विचारू का? मी नुसतं पाहिलं. म्हणाले, बरं बाई.

घरात नर्स असण्याचे फायदे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

यांचं डोकं दुखतंय. सकाळी जास्त. मी दिवसभर बाहेर असते ना, लक्ष वेधून घ्यायची पद्धत. लेक लहानपणी पोटदुखी काढायची तसंच. मोजलं. एकशेवीस-ऐंशी. तसं सांगितलं तर म्हणाले, मग ठीकच असेल.

टाचणीने ऑफिसात बोलावलं. म्हणाली, प्रॅक्टिकलच्या आत डोळे तपासून या. मी मदरचं वाक्य सांगितलं. तिने विचारलं, कोणत्या साली म्हणाल्या होत्या?

मत्सर. दुसरं काय.

दमले आहे. इतकी की रागसुद्धा नीट येत नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर, सकाळ

आज प्रॅक्टिकल. पेशंट कमी पडतात म्हणून प्रत्येकीने घरचं एक माणूस आणायचंय. मी यांना नेते आहे. यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातलाय. डोकं ठणकतंय म्हणत होते. म्हटलं, नाही आलात तरी चालेल. म्हणाले, छे, तुझा नंबर हुकायला नको.

त्याच दिवशी, दुपार

टाचणीने दोघींनी एकदम ऐकायचा स्टेथोस्कोप आणला होता. चकती एक, कानांच्या जोड्या दोन. मी पट्टा बांधला. हवा भरली. ठणठण. बोर्डवरच्या आवाजात, स्पष्ट उच्चारांत सांगितलं, एकशेवीस-ऐंशी.

टाचणीने हात पुढे केला. फुगा माझ्या हातातून घेतला आणि दाबत राहिली. ठणठण. आणखी. ठणठण. हे ओठ मिटून बसले होते. मग एका क्षणी कानात शांतता झाली. यांचे ठोके थांबू शकतात हे मला आज कळलं.

तिने हवा सोडली. पहिला ठोका दोघींनी एकदमच ऐकला. काटा मला दिसला नाही.

तिने विचारलं, काका, गोळी चालू आहे का एखादी? हे म्हणाले, होती, हिने बंद केली. रोज मोजते ना ती, गरजच नाही म्हणाली. असं म्हणताना छाती पुढे काढून बसले होते.

टाचणी आकडा हळू आवाजात म्हणाली. दोनशे दहा, एकशेवीस.

एकशेवीस होतं. खाली होतं.

शेपटीने व्हीलचेअर आणली.

शनिवार, २५ नोव्हेंबर

वॉर्ड. युनिफॉर्म नाही. नातेवाइकांचं स्टूल. याला पाठ नसते, हे इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. कोणामुळे ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. टाचणीनेही नाही.

शेपटी ड्यूटीवर होती. सलाइन बघितलं आणि जाता जाता यांच्या कपाळावर हात ठेवला. यांचा चेहरा निवला.

शनिवार, २ डिसेंबर

हे घरी आले. मी नापास. टाचणी म्हणाली, पुढच्या बॅचबरोबर पुन्हा बसा, पण चष्मा लावून. शेपटीला टोपी मिळाली. म्हणाली, मावशी, आता मला सिस्टर म्हणायचं हं. मग स्वतःच हसली आणि माझ्या गळ्यात पडली.

चष्मा आणला. दुकानदार म्हणाला, दहा वर्षांपूर्वीच यायला हवं होतंत. धंदा आहे त्याचा.

चष्म्यातून घर भयंकर धुळकट दिसतं. नीटनेटकेपणाचा बिल्ला परत करावा लागेल. हेही म्हातारे झालेत. भुवया पांढऱ्या, डोळ्यांखाली पिशव्या. कधी झाले कोण जाणे. मी तर रोज समोर बसत होते.

संध्याकाळी पट्टा बांधला. हवा भरली, ठोके बंद पडेपर्यंत. हे कळवळले, तरी भरली. काटा दिसला. आकडे दिसले. मधल्या बारीक रेघासुद्धा.

हे म्हणाले, किती? म्हटलं, एकशेबावन्न, शहाण्णव.

यांनी बाही खाली केली. म्हणाले, आधीचं ऐकायला बरं वाटायचं गं.