कुलपावरची सही

चि. धाकटीस,

आशीर्वाद. किती ते मोजून देत नाही, कारण परवा फोनवर तू मला जे जे म्हणालीस ते वजा केलं तर फारसे उरत नाहीत. गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम. डॉक्टर म्हणाला, आजी, साखर वाढलीय. मी म्हटलं, बोलण्यातून गेली ती कुठेतरी साठणारच.

आता मुद्दा. मी तुझं स्वेटर चोरलेलं नाही. लोकरीच्या कारखान्याच्या स्पर्धेत तुझ्या नमुन्याला माझ्या नावाने पहिला नंबर मिळाला हे खरं, तुला ‘नक्कल केल्याबद्दल बाद’ असं पत्र गेलं हेही खरं, पण चोरी नाही. चष्मा लावून वाच.

आपली नात (तशी माझी, पण शहाण्यासारखी वागते तेव्हा तू तिला तुझ्या वळणावर गेली म्हणतेस) ज्या ऑफिसात आहे, तिथूनच बायकांचे नमुने त्या कारखान्याला जातात. तू फोनवर टाके भरून बटण दाबलंस ना, त्यापुढचं सगळं तिथलं. नमुन्याला ती लोकं ऑब्जेक्ट म्हणतात. तो आधी सिरियलाइज करायचा. म्हणजे मला समजलं ते असं, की स्वेटर उसवून एका धाग्याचा गुंडा करायचा, आणि तिकडे पोचला की त्या गुंड्यातून तेच स्वेटर पुन्हा उभं राहतं. (आपण उसवलं तर टोपीसुद्धा धड होत नाही.) मग गुंडा पेटीत घालून कुलूप, ते एन्क्रिप्ट. किल्ली फक्त कारखान्याकडे. आणि सगळ्यात शेवटी पेटीवर पाठवणारीची सही. ही सही पेनाची नव्हे, प्रत्येकीची आपापली असते, दुसरीला गिरवता येत नाही. इथवर ऐकून मला वाटलं, आहेत बाबा हुशार.

नातीला मात्र ते खुपत होतं. जेवताना ताटाकडे न बघता म्हणाली, “आजी, सही पेटीवर आहे, स्वेटरवर नाही. कुणीही ती काढून स्वतःची करेल. आत काय आहे हे त्याला ठाऊक असायचीही गरज नाही.” मी चौथी नापास, पण मला कळलं. दुसऱ्याच्या बंद डब्यावरची चिठ्ठी सोलून आपली चिकटवली की डबा आपला, इतकं सोपं आहे ते. तिच्या साहेबाला मात्र कळेना. “कुलूप आहे ना? मग झालं!” (हा माणूस बुटाच्या नाड्या न बांधता चालतो. मी त्याला घाईसाहेब म्हणते, तोंडावर नाही.)

तेव्हा पोरीने ठरवलं, दाखवूनच द्यायचं. तिने एका पेटीची प्रत काढली, वरची सही उडवली आणि मला म्हणाली, आता तुझी कर. माझी सही तयार होतीच, कारण मीही मफलर पाठवला होता. (त्याचं काय झालं विचारू नकोस.) पेटी तुझीच का? तर मावशीआजी रागावणार नाही म्हणे. तुझ्याबद्दल तिचे फार गैरसमज आहेत. ती प्रत साहेबाला दाखवायला बाजूला ठेवली होती, पण घाईसाहेबांना जेवायला जायचं होतं. त्यांनी समोर दिसल्या तेवढ्या पेट्या एका बटणात धाडून दिल्या. माझ्या सहीची पुढे गेली, तुझी मागून. कारखान्यात उघडून बघतात तर एकच स्वेटर दोघींचं! आधी पोचली ती कलावंत, मागून आली ती नक्कलखोर.

नातीने लगेच सगळं सांगितलं. तर साहेब म्हणतो, सही आजींची म्हणजे स्वेटर आजींचं, आमची सही खोटं बोलत नाही. चूक कबूल केली तर कारखाना काम काढून घेईल, म्हणून आता पोरगीच खोटारडी ठरतेय. लाडक्या मावशीआजीचं नाव घुसवायला बघते म्हणे. शेवटी कारखान्याची विणकामाची बाई म्हणाली, गुरुवारी येते, आजींनी माझ्यासमोर त्या स्वेटरचा गळा विणून दाखवावा. विणला तर साहेब खरा आणि आपली पोर घरी. नाही आला तर ती सही पोकळ, तुझं नाव तुला परत, आणि नात सांगते तसं यापुढे आधी स्वेटरवर सही, मग कुलूप. म्हणजे पेटी कुणाच्याही नावाने येवो, उघडली की आतून जिचं स्वेटर तिचंच नाव निघेल.

थोडक्यात, मला गुरुवारी चारचौघांत सुया धरून मठ्ठासारखं बसायचं आहे. साठ वर्षं विणतेय मी! काल साहेब स्वतः घरी आला, तुझ्या नमुन्याचं, पण माझ्या नावाचं लेबल लावलेलं एक तयार स्वेटर देऊन गेला. म्हणाला, “आजी, तुमच्या हाताला काय अवघड आहे?” उभ्या जन्मात माझ्या विणकामाचं कौतुक एकाच माणसाने केलं, आणि नेमकं त्यालाच तोंडघशी पाडायचंय. पाडीन. नातीसाठी पाडीन, तुझ्यासाठी केलं असं गावभर सांगत फिरू नकोस. आणि गुरुवारी अकराला नातीच्या ऑफिसात ये, मी हरल्यावर समोर विणून दाखवणारी हवी. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे, तेव्हा सबबी नकोत.

तुझी,
ताई

ता.क. तो गळा कसा फिरवलास ते गुरुवारच्या आधी कागदावर लिहून पाठव. तिथे विणणार नाही, नातीची शपथ. पण टाके कमी होत जातात आणि नक्षी मोडत नाही, हे मला कालपासून तीनदा उसवूनही जमलेलं नाही. येत नाही म्हणून गप्प बसणं वेगळं आणि येत असून गप्प बसणं वेगळं. मला दुसरं हवंय.

ता.क. २. त्या कागदावर तुझं नाव घालू नकोस. पाकिटावर घाल.