बंद नाकाची पारख

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. आमच्याकडे सर्व ठीक. तुमचीही प्रकृती उत्तम असावी, कारण शनिवारपासून तुम्ही माझा फोन अगदी ठणठणीत हाताने कापत आहात. ताईंचा राग किती उतरला ते आमची ही मला रोज सांगते (दोघी बहिणींचं बोलणं चालू आहे, विषय आपण दोघे असल्यामुळे ते बंद पडण्याचा संभव नाही). म्हणून हे पत्र. वाइन मंडळाचं तुमचं सभासदत्व माझ्या पदरात कसं पडलं, याचा हा खुलासा.

मुळात मी येतच नव्हतो. नाक पार चोंदलेलं होतं. पण मंडळ वर्षाला एकच नवा सभासद घेतं, उमेदवाराला सोबत एक पाहुणा आणावा लागतो, आणि तुमच्या बाकीच्या स्नेह्यांनी तुमची द्राक्षांवरची व्याख्यानं आधीच ऐकलेली असल्याने ते गावाला गेले होते. उरलो मी. “तुम्ही फक्त बसा, तोंड उघडू नका,” असं तुम्ही जिन्यातच बजावलंत. फर्निचरच्या दुकानावरच्या त्या खोलीत मी तो शब्द पाळला. तोंड उघडलं ते केवळ गिळण्यापुरतं. तेही चुकलं, हे तुमच्या कोपराने कळलं. घोट तोंडात खेळवून बादलीत थुंकायचा असतो म्हणे. अध्यक्ष दंतवैद्य आहेत, त्यांच्या ती रीत अंगवळणी पडलेली असणार. पण इतकी महाग वस्तू विकत आणून तिची चूळ भरणारी माणसं मी तरी दवाखान्याबाहेर प्रथमच पाहिली.

तुम्ही मात्र रंगात आला होता. पिनो न्वार हे द्राक्ष किती पातळ सालीचं, उन्हाने करपतं, पावसाने कुजतं, जरा गारठा वाढला की रुसतं, हे ऐकताना मला आपल्या सासऱ्यांनी तुमच्याविषयी काढलेले उद्गार आठवत होते. त्या द्राक्षाच्या माहेरी, फ्रान्सातल्या बर्गंडीत, एकेका टेकडीच्या भावाभावांत इतक्या वाटण्या झाल्यात की एखाद्याच्या वाट्याला वेलींच्या चारच ओळी येतात, आणि बांधापलीकडची वाइन दुप्पट भावाने जाते, हेही तुम्हीच सांगितलंत. (भाऊबंदकीला इतका सुंदर फिका लाल रंग येतो, हे मला ठाऊक नव्हतं.)

मग कागदात गुंडाळलेली तिसरी बाटली आली. तुम्ही मोठ्या पोटाचा पेला फिरवलात, डोळे मिटलेत आणि चेरी, पाऊस पडून गेलेलं जंगल, अळंबी, जुनं चामडं असा एक समास सुरू केलात, की ज्याचा विग्रह करता करता माझे गुरुजी निवृत्त झाले असते. सगळे माना डोलावत होते. नेमकी तेव्हा मला शिंक आली; म्हणजे येत होती, पण येईना. चेहरा आक्रसला, नाकपुड्या फुगल्या, आणि लोकांच्या वाइनीत शिंकू नये एवढ्या सभ्यपणापोटी मी पेला दूर सारला. दंतवैद्य उठून उभे राहिले. ती बाटली बुचाच्या बुरशीने बिघडलेली होती, परीक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली. “इतक्या जणांत एकच नाक जागं आहे,” ते म्हणाले. शिंक त्यानंतर आली. ती माझा विनय समजण्यात आली.

मी तिथल्या तिथे खरं काय ते सांगणार होतो, पण तोंड न उघडण्याचा तुम्हाला दिलेला शब्द आड आला.

तेव्हा राग सोडावा. तुमच्या व्यासंगाविषयीचा माझा आदर पूर्वी होता तेवढाच आहे. ताईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. सर्दी काल गेली. मंडळाने भेट दिलेली बाटली उघडली. चेरीचा वास खरंच येतो हो, आणि मागाहून हलकेच ओल्या मातीचाही. तुम्ही इतकी वर्षं खरं बोलत होता हे कळून फार अस्वस्थ झालो. दुसऱ्या पेल्यानंतर जरा सावरलो.

आणखी एक ता. क. येत्या शनिवारी नव्या सभासदाने पिनो न्वारवर अर्धा तास बोलायचं आहे. भाषण तुम्ही लिहून द्यावं (ते जंगल तेवढं वगळून) आणि माझा पाहुणा म्हणून शेजारी बसावं. पाहुण्याने तोंड उघडायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको.